विटांवरची जीप

आमच्या घरी जीप आली ती ट्रकच्या मागे दोर बांधून, ओढत. नवऱ्यानं ती नागपूरला मिलिटरीच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात घेतली होती. येताना ट्रकच्या केबिनमध्ये आरामात बसून येता आलं असतं, पण नाही, हे जीपचं स्टिअरिंग धरून बसले आणि साकोलीपर्यंत त्या ट्रकचा धूर खात आले. दारात उतरले तेव्हा दात तेवढे पांढरे दिसत होते. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, नव्या सुनेनं किती बोलावं हे मला चांगलं ठाऊक होतं, तरी तोंडून निघून गेलं, "हे काय उचलून आणलं जी?" सासरे माझ्या मागेच उभे होते. त्यांनी जीपकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, सुनेचं बरोबर आहे अशी मान हलवली आणि दुकानात निघून गेले. ते उघडपणे माझ्या बाजूनं झाले असा तेवढाच एक प्रसंग मला आठवतो.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सासऱ्यांचं पितळी भांड्यांचं दुकान होतं. गुंड, गंगाळं, कोपर, लोटे असा माल बैलगाडीत भरून ते आठवडी बाजार करायचे. जीप असली की एका दिवसात दोन बाजार होतील, असा नवऱ्याचा विचार. प्रत्यक्षात कितीतरी महिने बैलगाडीच बाजाराला जात राहिली आणि जीप अंगणात उभी राहिली. मोठ्या लढाईच्या काळातली गाडी ती. हिरव्या रंगाचे पोपडे निघालेले, बॉनेटवर पांढऱ्या आकड्यांची पुसट ओळ, सीटांच्या जागी नुसते लोखंडी सांगाडे. स्टिअरिंग डाव्या बाजूला. "हे उलटं काहून?" मी विचारलं. "गोऱ्या लोकांच्या तिकडं असंच राहते," म्हणाले. तिकडे ती कुणाकुणाला घेऊन फिरली असेल देव जाणे, आमच्याकडे आल्यावर तिच्याखाली कोंबड्या बसायला लागल्या.

साकोलीत तेव्हा गाडीचं काम करणारं कुणी नव्हतं असं नाही. हायवेवर ट्रकवाल्यांसाठी एक-दोन मिस्त्री होते. पण जीपला दुसऱ्याचा हात लागलेला आमच्या ह्यांना खपत नसे. संध्याकाळी दुकान बंद झालं की शर्ट खुंटीला आणि बनियनवर जीपखाली. मग "पाना दे", "घमेलं सरकव", "कंदील इकडं धर". मी भाजी फोडणीला टाकून जायची, भाजी करपायची, मग आम्ही दोघं एकमेकांवर ओरडायचो. मी काही कमी ओरडायची नाही. पण खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. रॉकेलमध्ये कार्बोरेटर धुवायचं काम मी त्यांच्यापेक्षा चांगलं करायची. गॅस्केट तर मीच कापायची. जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा इंजिनाच्या तोंडावर धरायचा, कडेकडेनं हलक्या हातानं हातोडी मारत जायचं, म्हणजे छाप उठतो, मग तो कात्रीनं कापायचा. शाळेत शिवणाच्या तासाला जे शिकले ते मला जन्मभरात याच कामी आलं.

रेडिएटर गळायला लागलं तेव्हा ह्यांनी मला न विचारता डब्यातली हळद मूठभर आत टाकली. गळती थांबली, पण नंतर बरेच दिवस गाडी तापली की अंगणात कढीचा वास सुटायचा. पेट्रोलच्या टाकीला बारीक भेग गेली, तर तिच्यावर कपड्याचा साबण घासून घासून चोपडला. मी म्हटलं, "आता हिले फक्त कुंकू लावाचं राह्यलं." ते दसऱ्याला मीच लावलं.

अखेर जीप चालायला लागली. मागे भांडी भरून आम्ही बाजाराला निघालो की गाव सोडेपर्यंत लोक वळून पाहायचे, एवढा खणखणाट. मला बाजाराला नेण्याचं कारण सासऱ्यांना सांगितलं होतं ते असं, की स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढचा ट्रक ओलांडायचा तर समोरचं काही दिसत नाही. उजव्या बाजूला बसून सांगणारं कुणीतरी पाहिजे. सांगणारी मी. "हाय का कोनी?" "थांबा." "आता?" "चला, चला, चला!" सकाळी भांडण झालेलं असलं तर मी तोंडातून शब्द काढायची नाही, आणि हे मुकाट्यानं एखाद्या धानाच्या ट्रकमागे लाखनीपर्यंत धूळ खात जायचे. पुढे त्यांनी त्या जीपचं काय काय बदललं, पण स्टिअरिंग कधी उजवीकडे घेतलं नाही. एका ओळखीच्या मिस्त्रीनं एकदा विचारलं तर म्हणाले, "मंग हे कायले बसंल बाजूले?" हे म्हणजे मी. आणि मी ऐकलं हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजूनही बसमध्ये पुढे बसायला मिळालं आणि समोर ट्रक आला की माझी मान आपोआप बाजूला वळते. मग सांगायला कुणी नाही हे लक्षात येतं.

माझं माहेर आंबागडला, किल्ल्याच्या डोंगराखाली. वडील मी लहान असतानाच गेले. मायनं धानाची शेती करून आणि जंगलातून मोहफुलं वेचून मला आणि भावाला वाढवलं. जीप आली त्या पावसाळ्यात माय धानाच्या रोवणीच्या वेळी शेताच्या धुऱ्यावरून, निसरड्या बांधावरून, घसरून पडली. कमरेचं हाड मोडलं. गावातल्या जाणत्यानं ते बसवलं, पण वाकडं बसवलं. काठी धरून सपाटीवर चालायची ती, पण एसटीच्या पायऱ्या चढणं संपलं.

आणि दुसरी अडचण तिनं स्वतःच धरून ठेवलेली होती. लेकीला मूल होईपर्यंत आईबापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, अशी आमच्यात चाल. बऱ्याच घरांत तोवर लोक ती विसरायला लागले होते. माझी माय विसरणाऱ्यांतली नव्हती. लग्नानंतर ती एकदाच आली होती, पडायच्या आधी. सोबत शिदोरी आणि फिरकीच्या तांब्यात आपलं पाणी. ओसरीवर बसली, माझं स्वयंपाकघर फिरून पाहिलं, आणि दुपारच्या गाडीनं परत. निघताना म्हणाली, "लवकर बोलव व मले जेवाले." जेवायला म्हणजे कशाला, ते मला कळलं. आता कमर मोडल्यावर एका दिवसात येणंजाणं तिला शक्य नव्हतं, आणि मुक्काम करायचा तर उपाशी राहावं लागलं असतं. म्हणजे मला मूल होईपर्यंत माय माझ्या घरी येणार नाही, असं झालं.

मला माय हवी होती. सासरी जाच नव्हता, नवरा जीव लावणारा होता, तरी संध्याकाळी चूल पेटवताना तीच आठवायची. मायनं चार दिवस माझ्याकडे राहावं, माझ्या हातचा भात खावा, आणि वर मीठ कमी पडलं म्हणून नाव ठेवावं, एवढंच मला पाहिजे होतं. मूल हवं होतं तेही आधी यासाठीच, हे आज सांगायला मला लाज वाटत नाही.

नवऱ्याला मी हे एकदाच सांगितलं. त्या दिवसापासून जीपची दुरुस्ती संपली आणि सुधारणा सुरू झाली. "वेळ येईल तेव्हा मामीजीले आपुन जीपनंच आनू," म्हणाले, मामीजी म्हणजे माझी माय, आणि लागले कामाला. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्याचा तुकडा लोहाराकडून वाकवून आणला आणि दाराशी, अगदी जमिनीलगत, एक पायरी बसवली. मागच्या सांगाड्यावर बाजेसारखी नवार विणली, पाय लांब करून बसता येईल अशी. तिच्यावर सावरीच्या कापसाची गादी मी शिवली. मग त्यांना वाटलं, धक्के फार बसतात, म्हणून स्प्रिंगचा एक पाटा काढला. तशी जीप भांड्यांच्या वजनानं मागे बसायला लागली. पाटा परत घातला. ताडपत्रीचं हूड शिवून आणलं, ते डोक्याला लागतं म्हणून त्याचे लोखंडी बार पुन्हा उंच केले.

ज्यांना गाडीचा नाद असतो त्यांना ही एक खोड असते, चालती गाडी उघडून ठेवायची. चांगली चालायला लागली की यांना तिच्यात काहीतरी ऐकू यायला लागतं. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाचा आपला दिवस ठरलेला, लेकी-जावई सगळे त्या दिवशी जमतात. दर वर्षी हे म्हणायचे, "आंबागडच्या मंडईले जीपनं जाऊ." आणि दर वर्षी मंडईच्या तोंडावर जीपचा काहीतरी भाग अंगणात पोत्यावर मांडलेला असायचा. "बस, एवढं एक झालं का निघू." मी एसटीनं जायची. भंडाऱ्याला गाडी बदला, तुमसरला बदला, सगळ्या वाटेत मनातल्या मनात नवऱ्याला शिव्या घाला, आणि मायच्या दारात पोचलं की तिच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं विसरा. "जवाईबापू नाही आले?" ती विचारायची. मी सांगायची, "ते तुह्याचसाठी थांबले."

मग पेट्रोलची जीप परवडेना. हिला डिझेलचं इंजिन बसवायचं असं ठरलं, म्हणजे ह्यांनी ठरवलं. कुठल्याशा भंगारातून इंजिन आलं. ते जुन्यापेक्षा लांब आणि जड. त्याचं आणि गिअरबॉक्सचं तोंड जुळेना, मध्ये बसवायची प्लेट लेथवाल्याकडे दोनदा चुकली. रेडिएटर पुढे सरकवायचं, बसवायच्या जागा नव्यानं जोडायच्या. जुनं इंजिन काढून कोपऱ्यात ठेवलं, चाकं काढली, आणि जीप चारी बाजूंनी विटांवर चढवली. ते वर्ष मी विसरणार नाही, कारण त्या वर्षी मला दिवस गेले होते.

ते टिकलं नाही. भादवा संपता संपता गेलं. मी त्याबद्दल जास्त लिहिणार नाही. दवाखान्यातून घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. सासरे भात टाकायचे, नवरा ताट आणून ठेवायचा आणि तसंच उचलून न्यायचा. अंगणात हातोडीचा आवाजही थांबला होता. अशा एका दुपारी दारात ट्रक थांबला. आंबागडचा एक ड्रायव्हर लाकडं घेऊन गोंदियाकडे चालला होता, त्यानं आणि भावानं मिळून मायला उचलून केबिनमध्ये बसवलं होतं. इकडे त्यानं आणि माझ्या नवऱ्यानं उचलून खाली घेतलं. ती काठी टेकत आत आली, माझ्याशेजारी बसली आणि माझे केस सोडवायला लागली. कितीतरी दिवसांत विंचरले नव्हते ते.

तिनं शिदोरी आणली होती, तांब्यात पाणी आणलं होतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं. दुपार झाली, तिनं काही तोंडात घातलं नाही. सासरे बाहेरून बोलले, "इहीनबाई, असं कसं चालंल जी?" शेजारी जाऊन जेवता आलं असतं, पण तिथं कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं म्हणजे तेव्हाच्या दिवसांत माझ्या रिकाम्या कुशीची गोष्ट गल्लीभर करायची. मायला ते नको होतं. ती ओठांवरून जीभ फिरवत बसून राहिली. मला पडल्या पडल्या राग येत होता. तिच्यावर, देवावर, कुणावर ते मलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्यात नवरा आत आला. मायसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "मामीजी, गाडीत चलून बसा."

"कोन्या गाडीत?"

"आपल्या जीपमंधी. गाडी म्हनजे काही घर नोहे. रस्त्यानं चाललेला मानूस कोनाच्याही हातचं पानी पेते. का नाही?"

मायनं दारातून बाहेर पाहिलं. विटांवर जीप उभी होती, पुढचं बॉनेट उघडं, आत इंजिनाच्या जागी भोक. "चाकं कुठं हायत, जवाईबापू?"

"पंचर काढाले गेले."

माय त्यांच्याकडे बघत राहिली. नियम मोडायचा नव्हता, पण नियमाच्या कडेनं जाणारी वाट तिला दिसली असावी. म्हणाली, "चालून राह्यली पाह्यजे पन. उभ्या गाडीत मी पेनार नाही."

"चालूनच तं राह्यली," म्हणून ह्यांनी तिला हाताला धरून नेलं, पायरीवरून चढवलं, नवारीच्या सीटवर पाय लांब करून बसवलं. स्वतः पुढे जाऊन स्टिअरिंग धरलं. "धरून बसा जी. निंगलो." आणि स्टिअरिंग इकडून तिकडे फिरवायला लागले, तोंडानं गिअर टाकत. मायनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि एका हातानं हूडचा बार पकडला. मी पाणी घेऊन गेले. दवाखान्यातून आल्यावर मी आपण होऊन उठले ती तेव्हा. माय तांब्या वर धरून घटाघटा पाणी प्यायली आणि तिनं विचारलं, "कोनतं गाव आलं?"

"लाखनी, मामीजी."

"मंग भूक लागाचीच," ती म्हणाली. मी भात टाकायला आत गेले. मीठ मुद्दाम कमी घातलं. तिनं नाव ठेवलं. मी चुलीपाशी बसून हसत होते की रडत होते, मला समजलं नाही.

मग तोच क्रम पडला. रात्री माय घरात माझ्याजवळ झोपायची आणि जेवणाच्या वेळी जीपमध्ये चढायची. दर जेवणाला एक गाव पुढे. साकोलीहून आंबागडची वाट तिला तोंडपाठ होती, लाखनीनंतर भंडारा, मग वरठी, मोहाडी. ती अगदी खरंच प्रवासाला निघाल्यासारखी बसायची. भंडाऱ्याला म्हणाली, "इथं लय गर्दी दिसते व." कोंबडी आडवी आली की हे हॉर्न वाजवायचे, बॅटरी तेवढी चांगली होती. सासरे दुकानातून डोकावून पाहायचे आणि परत आत जायचे. त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. उलट एका दुपारी स्वतः केळी घेऊन आले आणि जीपच्या बाजूला उभं राहून, बसस्टँडवरच्या फेरीवाल्यासारखी तिच्या हातात दिली.

मोहाडी झाली. पुढे तुमसर, आणि तुमसरनंतर आंबागड. प्रवास संपला की माय उतरणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. संध्याकाळी मी ताट घेऊन गेले तेव्हा माय विचारत होती, "तुमसर आलं का, जवाईबापू?"

"नाही जी. लाखांदूर आलं."

"लाखांदूर?" ती सरळ होऊन बसली. लाखांदूर साकोलीच्या दुसऱ्याच अंगाला, आंबागडच्या पार उलट. "आंबागडले जाता जाता लाखांदूर कुठून आलं मधातच?"

ह्यांनी मागे वळून पाहिलं नाही, रस्त्यावरची नजर हलवली नाही. "तिकडं पुलाचं काम चालून राह्यलं, मामीजी. फिरून चाललो."

मायनं पाय पुन्हा लांब केले. मग म्हणाली, "मंग दूर हाय म्हना अजून."

"लय दूर हाय."

मी ताट धरून तिथंच उभी होते. या माणसावर माझा जेवढा जीव त्या संध्याकाळी जडला तेवढा लग्नात नव्हता. रस्ता लांबवत लांबवत ह्यांनी तिला पवनीला नेलं, अड्याळला नेलं, मधेच एकदा नागझिऱ्याच्या जंगलात गाडी बंद पाडली. जेवण झालं की मी तिच्या पायथ्याशी नवारीवर बसायची. ती माझ्या डोक्यावर तेल घालायची आणि बोलायची. पोटातलं गेलं त्याबद्दल एकदाच बोलली. म्हणाली, "होईल, पोरी. मी येईन मंग, अन् घरात येऊन, तुह्या चुलीपाशी बसून जेवीन. मले घाई नाही. मी पाहीन वाट." तिच्या बोटांत इतका भरवसा होता, की मलाही तो आला.

शेवटी धान कापणीला आलं. तोच ट्रकवाला पुन्हा एकदा गोंदियाला गेला होता, तो परत जाताना तिला घ्यायला येणार होता. त्या सकाळी जीपमध्ये बसून चहा पिताना ती स्वतःच म्हणाली, "आता आंबागड येऊ द्या, जवाईबापू." ह्यांनी स्टिअरिंग सोडलं.

मग त्यांनी कधी नव्हे ते काम झपाट्यानं उरकलं. प्लेट जुळली, इंजिन बसलं, पुढच्या स्प्रिंगला जड इंजिनासाठी जास्तीचा पाटा लागला तोही बसला. पुढच्या मंडईला आम्ही आंबागडला जीपनं गेलो. गल्लीतली पोरं मागे पळत होती, माय दारात काठी टेकून उभी होती. परत येताना तिला घेऊन आलो, आणि मग दर वर्षी आणत गेलो, एक दोन वर्षं नाही, पुष्कळ वर्षं. ती त्याच गादीवर पाय लांब करून यायची आणि आमच्या अंगणात आल्यावर जेवायची मात्र जीपमध्येच. एवढंच, की आता जीप खरोखर चालत होती, म्हणून जेवण होईपर्यंत इंजिन चालू ठेवावं लागायचं. डिझेलच्या थडथडीनं ताटातलं वरण थरथरायचं, शेजारी खिडक्या लावून घ्यायचे, आणि माय त्या धुरात शांतपणे जेवायची. मला हसू यायचं. मी मनात म्हणायची, असू दे, पुढच्या वर्षी आत जेवेल.

पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत दिवस गेले. भंडाऱ्याचे दवाखाने झाले, नागपूर झालं. सासरे वारले. नवऱ्यानं मला एका शब्दानं कधी दुखावलं नाही. जीपला नवं काहीतरी करत राहिला. मायनंही कधी विचारलं नाही. फक्त दर वर्षी उतरली की माझ्याकडे एकदा नीट बघायची, वरपासून खालपर्यंत, आणि मग म्हणायची, "चला, जेवून घेऊ गाडीतच."

माझ्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं, त्या वर्षाची गोष्ट. मंडई करून तिला आणलं. दुपार झाली. ह्यांनी इंजिन चालू केलं, मी भात वाढून बाहेर निघाले. माय सीटवर नव्हती. ती पायरीवरून आपली आपण उतरली होती आणि काठी टेकत, भिंत धरत, ओसरी चढून येत होती. मला वाटलं तिला काही पाहिजे असेल. ती माझ्या बाजूनं सरळ स्वयंपाकघरात गेली, चुलीपाशी पाट ओढून बसली आणि म्हणाली, "पानी दे व."

मी तिच्याकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे या वेळी पाहिलं नाही, चुलीकडे पाहत होती. मी गुंडातून पाणी काढून तिच्या हातात तांब्या दिला. ती सगळं प्यायली, सावकाश. मग मी ताट तिच्यासमोर ठेवलं आणि ती जेवायला लागली. कशालाच नाव ठेवलं नाही.

बाहेर इंजिन चालूच होतं. मी दारात गेले. हे स्टिअरिंग धरून, समोर बघत बसले होते, मी ताट घेऊन येईन म्हणून वाट पाहत. मी म्हटलं, "बंद करा जी. माय घरात जेवून राह्यली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं. हात पुढे करून त्यांनी इंजिन बंद केलं. अंगण एकदम शांत झालं. लग्न झाल्यापासून मी याच दिवसासाठी देवाला हात जोडत आले होते, की माझी माय माझ्या घरात, माझ्या चुलीपाशी बसून जेवेल. ती आत जेवत होती आणि मला आत जाववेना. ती आणखी दहा वर्षं त्या धुरात बसून जेवली असती तरी मला चाललं असतं. वाट पाहत राहिली असती तर.